हौसाआत्या आंबेघाट बघायला येतात

आंबेघाटचे दत्तूकाका बोलायला लागले की काशीबाई पदराने तोंड पुसायच्या आणि आत स्वयंपाकघरात निघून जायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. नवऱ्याला थांबवणं आपल्या हातात नाही, पण ऐकायचं की नाही हे आहे.

दत्तूकाका, म्हणजे दत्तात्रेय, रोह्याच्या एका भाताच्या वखारीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर ते गावाकडे आले आणि त्यांनी गावाचा इतिहास हाती घेतला. आंबेघाट म्हणजे कुंडलिकेच्या काठावरचं, रोह्याच्या जरा खाली, जिथे नदीला खाडीची भरती-ओहोटी लागते तिथलं लहानसं गाव. दत्तूकाका मात्र त्याला ‘शहर’ म्हणायचे. ‘आमच्या शहरात’ म्हणताना त्यांची मान जराशी वर जायची आणि समोरच्या माणसाला उगाच आपण खेड्यातले आहोत असं वाटायला लागायचं.

ही सवय त्यांना कधी ना कधी नडणार होती. ती नडली पेणला, एका लग्नात.

पंगत बसली होती. काकांच्या शेजारी त्यांचा पुतण्या कान्हू. आईबाप लहानपणीच गेले म्हणून काका-काकूंनीच त्याला वाढवलं होतं. धाटावच्या कंपनीत शिफ्ट करायचा, अंगाने दणकट आणि बोलायला इतका कमी की भात पाहिजे असेल तर नुसता पानाकडे बघायचा. काकांनी पलीकडच्या पाहुण्याला आंबेघाटची बाग सांगितली, वाचनालय सांगितलं, नाट्यगृह सांगितलं. जिलबी आली तेव्हा पोहण्याचा तलाव आला. मठ्ठ्याबरोबर अग्निशमन दल आलं.

“एवढं सगळं हाय व्हय तुमच्याकडे?” समोरच्या बायकांच्या पंगतीतून आवाज आला.

आवाज हौसाआत्यांचा होता. कासूच्या हौसाआत्या. भात आणि वालाची शेती स्वतः बघणारी, विधवा, ठणठणीत बाई. त्यांच्या शेजारी त्यांची भाची सरू मान खाली घालून जेवत होती. पण मान खाली असली तरी ती गालात हसत होती, आणि कान्हू तिच्याकडे बघत होता हे काकांच्या आधी हौसाआत्यांनी बघितलं होतं.

“आहे म्हणजे? यायचं एकदा बघायला,” काका म्हणाले.

“येतो,” हौसाआत्या म्हणाल्या. “आमची सरू लग्नाची हाय. तुमच्या पोराचं बघायचं चाललंय म्हणतात. पोरगा बघितला, पोरासारखा पोरगा हाय. आता गाव बघायचं. हिच्या मोठ्या बहिणीला दिली ती जागा आधी बघितली नाय. तिथं साधी पिठाची गिरनी नाय गो! पोर दळण डोक्यावर घेऊन नदी ओलांडते. मी ठरवलंय, आता गाव बघितल्याबिगर पोरगी द्यायची नाय.”

काकांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली.

घरी आल्यावर कान्हूने वर्षभराचं बोलणं एका वाक्यात करून टाकलं. “काका, त्यांना खरं काय ते सांगा.”

“खरंच सांगितलंय,” काका म्हणाले. “थोडं आधी सांगितलंय एवढंच. या सगळ्या गोष्टी पुढे होणारच आहेत.”

आतून काशीबाईंनी भांडं जरा जोरात ठेवलं.

माघात वालाच्या काढणीच्या दिवसांत एका रविवारी हौसाआत्या आणि सरू आल्या. रोह्यापर्यंत रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. कासूहून गाडीने रोहा, रोह्याहून एस.टी.ने आंबेघाट. काका कोट घालून थांब्यावर उभे होते. मागे कान्हू, इस्त्रीच्या शर्टात, लाकडासारखा ताठ.

हौसाआत्यांनी एस.टी.तून उतरल्या उतरल्या चौफेर बघितलं. “वाटेत रोहा बघितला,” त्या म्हणाल्या. “बरा हाय. तुमचं त्याच्याहून मोठं म्हणाला होतात.”

“मोठं म्हणजे, महत्त्वाचं,” काका म्हणाले आणि चालायला लागले.

पहिल्यांदा बाग आली. बागेत सिमेंटचं एक बाक होतं आणि एक बोगनवेल. बाकावर एक शेळी बसली होती आणि दुसरी शेळी बोगनवेल खात होती.

“ही बाग,” काका म्हणाले.

“आनि ह्या?”

“या... बागेची निगा राखतात.”

हौसाआत्यांनी मान हलवली. “पेणला मानसं ठेवलीत त्याला.” त्यांनी शेळीला उठवलं, पदराने बाक पुसला, दोन मिनिटं बसून बघितलं आणि उठल्या. “बाक थंड हाय. बरं हाय.”

सरूने तोंडावर पदर घेतला. कान्हू बोगनवेलीकडे बघत राहिला.

वाचनालय म्हणजे मारुतीच्या देवळातलं कपाट होतं. त्याची किल्ली पुजाऱ्याकडे होती आणि पुजारी पेणला गेला होता. फटीतून एक पुस्तक दिसत होतं. ते पंचांग होतं. काकांनी वेळ न घालवता पाहुण्यांना नाट्यगृहाकडे वळवलं.

आता नाट्यगृह म्हणजे एक मोठा ओटा. गणपतीत त्यावर नाटकं व्हायची हे अगदी खरं. पण माघात त्या ओट्यावर सगळ्या गावाचा वाल वाळत घातलेला असायचा हे काका विसरले होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वालच वाल, आणि मधोमध काठी घेऊन एक म्हातारी कोंबड्या हाकत बसलेली.

काकांनी खाकरून सुरुवात केली. “या रंगमंचावर...”

हौसाआत्या पुढे गेल्या होत्या. त्यांनी मूठभर वाल उचलला, दाणा दातांनी फोडला, हुंगला. “ह्यो कोनाचा? असला दाणा आमच्याकडे नाय येत. ह्याचं बिरडं कसलं होईल गो सरू!” मग त्या आणि म्हातारी बोलायला लागल्या. बी कुठलं, पेरणी कधी, दव किती. बोलणं असं रंगलं की काका आपल्याच नाट्यगृहात प्रेक्षक होऊन उभे राहिले. शेवटी म्हातारीने ओटीभर वाल दिला आणि हौसाआत्या खूश होऊन परतल्या. “नाट्यगृह चांगलं हाय,” त्या म्हणाल्या. “ऊन छान येतं.”

काकांच्या जिवात जीव आला. आता फक्त घाट राहिला होता, आणि घाटावर त्यांनी पक्की तयारी करून ठेवली होती.

घाटावर पोचताच त्यांना इतिहास चढला. ओहोटीने उतरलेल्या नदीच्या मध्यावर एक काळा, पाठ वर काढलेला खडक होता. “तो हत्तीखडक,” काका म्हणाले. “पूर्वी हे मोठं बंदर होतं. अरबस्तानातून गलबतं यायची आमचा तांदूळ न्यायला. एका सरदाराचा हत्ती त्या खडकाला बांधलेला असायचा.”

“कोन सरदार?”

“मोठे होते,” काका म्हणाले.

“नदीच्या मधी हत्ती कशाला बांधला?”

काकांना आजवर कोणी हे विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. ते घाईघाईने घाटाच्या पायरीत रुतलेल्या लोखंडी नळीकडे वळले. “आणि ही तोफ!”

हौसाआत्या वाकल्या, नळी ठोकून बघितली. “ही गिरनीच्या इंजिनाची नळी हाय. आमच्याकडे अशीच हाय.” आणि मग त्यांचा चेहरा उजळला. “म्हंजे गिरनी हाय तुमच्याकडे!”

“आहे,” काका जरा पडलेल्या आवाजात म्हणाले. गावात पिठाच्या दोन गिरण्या होत्या. त्या सांगण्यासारख्या असतात हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“आनि तलाव?”

“तो... हाच. नैसर्गिक आहे.” काकांनी नदीकडे हात केला आणि लगेच तोच हात उतारावर नेला. “आणि ते आमचं अग्निशमन दल!”

उतारावर लाल बंब उभा होता. एका कंपनीने मोडीत काढलेला बंब गावाने उचलून आणला होता. त्याने आजवर एकही आग विझवली नव्हती, पण लग्नाकार्यात पाणी भरायला त्याचा मोठा उपयोग व्हायचा. तो चावीने चालू होत नसे म्हणून कायम उतारावर ठेवायचा. सोडला की घरंगळत चालू व्हायचा. शिवा नावाचा ट्रॅक्टरवाला तोच बंबही चालवायचा. काकांनी त्याला सकाळीच बंब धुवून ठेवायला सांगितलं होतं. नुसता उभा करायचा, एवढंच.

“पानी मारून दाखवा,” हौसाआत्या म्हणाल्या.

“आत्ता आग नाही ना,” काका म्हणाले.

“आग लागल्यावर बघायला आम्ही कशाला येऊ? आता दाखवा.”

शिवा केव्हापासून याची वाट बघत होता. काकांनी ‘नको’ म्हणायच्या आत त्याने ब्रेक सोडला. बंब खडखडत उतारावरून आला, मध्येच दोन ठसके देऊन चालू झाला आणि घाटाच्या काठावर असा थांबला की चार बायका धुण्यासकट वर पळाल्या. शिवाने जाड नळी नदीत सोडली, पंप लावला आणि दुसरी नळी हातात घेतली.

इथे काकांनी चूक केली. सकाळपासून सगळं हातातून निसटत होतं. निदान ही एक गोष्ट रुबाबात व्हावी असं त्यांना वाटलं. “आण इकडे,” ते म्हणाले आणि नळीचं पितळी तोंड दोन्ही हातांनी धरून खालच्या पायरीवर उभे राहिले, छाती काढून.

“काका, सोडा ते,” कान्हू म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं वाक्य.

नळी आधी नुसती थरथरली. मग फुगली. मग धामणीसारखी ताठ झाली. मग पाणी आलं. दत्तूकाका पायरीवरून उचलले गेले, हवेत त्यांनी अर्धी गिरकी घेतली आणि कोटासकट नदीत पडले. भरती चढायला लागली होती. तिने त्यांना अलगद उचललं आणि वरच्या अंगाला घेऊन गेली. मध्ये हत्तीखडक आला म्हणून बरं. काका त्याला चिकटले, हातापायांनी चढले आणि वर जाऊन बसले. चष्मा होता, टोपी गेली होती.

इकडे सुटलेली नळी घाटावर नाचत होती. हौसाआत्या भिजल्या, कान्हूचा इस्त्रीचा शर्ट भिजला, धुणंवाल्या बायकांचं धुणं परत धुतलं गेलं.

“बंद कर की रे मेल्या!” काशीबाई ओरडल्या. स्वयंपाक टाकून त्या धावत आल्या होत्या.

“बंद केला तर परत चालू होनार नाय!” शिवा ओरडला. त्याचंही बरोबर होतं. पण दोघातिघांनी मिळून त्याला खाली ओढलं आणि बंब एकदाचा गप्प झाला.

आता काकांना आणायचं कसं हा प्रश्न पडला. गावात एकच होडी होती आणि ती खालच्या अंगाला चिखलात बसली होती. भरतीने तिच्याखाली पाणी आल्याशिवाय ती हलणार नव्हती. आणि तेच पाणी तिकडे काकांच्या खडकाला चढत होतं. कान्हू काही न बोलता होडीकडे पळाला. त्याच्या मागून सरूही गेली. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं आणि राहाही म्हटलं नाही.

तोवर सगळं गाव घाटावर जमलं. कोणी सुंभ आणलं, कोणी शिडी आणली, एकाने केळीचा खुंट आणला. शिडी कशाला हे कोणालाच कळलं नाही, पण ती धरायला चार जण लागले.

हौसाआत्यांनी ओला पदर पिळला, खोचला आणि तोंडाला हात लावून ओरडल्या, “दत्तूभाऊ! पोहता येत नाय व्हय तुमाला?”

“नाय!” खडकावरून आवाज आला. पाणी बुटांना लागलं होतं आणि काकांची शहरातली भाषा टोपीबरोबर वाहून गेली होती.

“मंग पोहन्याचा तलाव?”

“तो बी नाय!”

घाटावर हशा पिकला. काकांना वाटलं, खडकात कुठे भोक असेल तर आत जावं. पण खडकाला भोक नव्हतं.

“अरबाची गलबतं?”

“कोन बघायला गेलाय!”

“हत्ती?”

काकांनी बुडाखालच्या खडकाकडे बघितलं. हत्ती सोडा, दोन माणसं नीट बसली नसती त्यावर. “हत्ती मावलाच नसता हितं!” ते ओरडले.

हसून हसून शिडी धरलेले चौघे खाली बसले. आणि गंमत अशी की काकांना बरं वाटायला लागलं. आंबेघाट त्यांनी आजवर नदीच्या मधून कधी बघितलं नव्हतं. कौलं, चिंचा, उतारावरचा तो मेला बंब, आणि घाटभर माणसं. सगळी त्यांच्यासाठी आलेली. कोणी सुंभ फेकत होतं आणि ते दर वेळी अर्ध्यातच पडत होतं, तरी फेकत होतं. इथून दिसत होतं त्यात काही घालावं असं त्यांना वाटलं नाही. पाणी घोट्याच्या वर आलं नसतं तर ते आणखी थोडा वेळ बसले असते.

“बरं, पोरगा तरी खरा हाय का?” हौसाआत्यांनी शेवटचं विचारलं.

“पोरगा खरा हाय!” काका जीव तोडून ओरडले. “कंपनीत हाय! बाटलीला शिवत नाय! शिफ्ट कधी चुकवत नाय! फक्त बोलत नाय हो!”

“घरात एकानं गप्प बसायलाच पायजे,” काशीबाई मोठ्याने म्हणाल्या. हौसाआत्यांनी त्यांच्याकडे वळून बघितलं, आणि दोघींचं तिथेच जमलं.

तेवढ्यात खालच्या वळणावर होडी दिसली. होडीत सरू वल्हं धरून उभी होती आणि कान्हू कंबरभर चिखल-पाण्यातून होडी मागून ढकलत येत होता. खोल पाणी आलं तसा तोही वर चढला. होडी थोडी गोल फिरली, मग खडकाशी लागली. काका आत उतरले ते सरळ सरूच्या पायाशी. तिने त्यांचा चष्मा काढला, आपल्या पदराने पुसला आणि परत नाकावर ठेवला.

“थंडी वाजते का काका?” ती म्हणाली.

“नाय,” काका म्हणाले आणि त्यांचे दात वाजले.

घाटावर उतरल्यावर काशीबाईंनी त्यांना गोधडीत गुंडाळलं. काका मान वर करत नव्हते. आता पाहुण्या एस.टी.ची वेळ विचारतील, पोहे न खाता जातील आणि कान्हू जन्मभर नुसता पानाकडे बघत राहील, असं त्यांना दिसत होतं.

“आत्याबाई,” ते हळू म्हणाले, “पोराचा काही दोष नाही. मी जास्त बोललो.”

“ते पेणलाच कळलं होतं,” हौसाआत्या म्हणाल्या. “मी काय तलाव बघायला आले होते व्हय? मी बघायला आले होते, पोरीला काय पडलं तर धावत कोन येतंय ते. इथं तर शिडी घेऊन पन आले.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “आनि खरं सांगू? आमच्या कासूला गाडी येते नि जाते. दिवसभरात दुसरं काय घडत नाय. इतकी मी कितीतरी वर्षांत हसले नाय हो. पन लग्न मला नाय करायचं. सरू, तू सांग. काय बोलला गो हा होडीत?”

सगळा घाट पुढे सरकला. कान्हू चिखलाने इतका माखला होता की लाजला की नाही ते कळलं नाही.

“एकदाच बोलले. मी ढकलायला खाली उतरत होते तेव्हा,” सरू म्हणाली.

“काय?”

“‘पाय वर घ्या, कालवं लागतील.’”

खाडीच्या चिखलात कालवांची कवचं असतात. पाय पडला की सुरीसारखी कापतात. हौसाआत्यांनी खाली बघितलं. कान्हूच्या पायाला दोन ठिकाणी कापलं होतं आणि रक्त येत होतं. सरूचे पाय कोरडे होते.

“एवढं बोलला तर फार झालं,” हौसाआत्या म्हणाल्या. “चला, जेवायला काय केलंय? हे माझ्या ओटीतले वाल भिजलेत, आता मोड येतील. उद्या बिरडं करा त्यांचं.”

जेवताना काकांना सारख्या शिंका येत होत्या, त्यामुळे बाकीच्यांना पहिल्यांदाच सलग बोलता आलं. हौसाआत्या आणि काशीबाईंनी भाताचं वाढप करता करता तिथी काढली, मानपान ठरवला आणि कोणाला बोलवायचं नाही तेही ठरवलं. गावच्या गिरणीत दळण किती लवकर मिळतं हे हौसाआत्यांनी जाता जाता स्वतः जाऊन विचारलं.

लग्न वैशाखात कासूला झालं. आंबेघाटहून एक टेम्पोभर माणसं गेली. काकांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की घाटावरची गोष्ट तिथे काढायची नाही, आणि मांडवात शिरताच कळलं की कासूला ती पाठ आहे. लहान-मोठे सगळे त्यांना वाकून नमस्कार करत होते आणि उठताना ‘हत्तीवाले काका’ म्हणत होते. काकांना आधी राग आला. मग जिलबी वाढायला आलेल्या माणसाने तोच सगळा प्रकार पुन्हा सांगा म्हणून आग्रह धरला, तेव्हा राग जरा कमी झाला. त्यांनी सांगितला. त्यात पाणी मानेपर्यंत आलं.

सरू आंबेघाटला नांदायला आली. चार दिवसांनी सकाळी ती पिशवी घेऊन ओटीवर आली आणि म्हणाली, “काका, भाजीबाजार कुठे हो इथला?”

काका झोपाळ्यावरून ताठ झाले. त्यांनी टोपी सारखी केली आणि घसा साफ केला. “भाजीबाजार,” ते म्हणाले, “त्याचं असं आहे, पूर्वी इथे...”

काशीबाई आतून पायात चपला सरकवतच बाहेर आल्या. “चल गो,” त्या म्हणाल्या, “मी दाखवते. वळणावरच हाय.”

दोघी निघाल्या. कान्हू रात्रपाळी करून नुकताच आला होता, तो ओटीवर चहा पीत बसला होता. काकांनी त्याच्याकडे बघितलं. कान्हूने कप खाली ठेवला, भिंतीला टेकला आणि म्हणाला, “सांगा.”

काकांनी सांगायला घेतलं.